साखळीचं हेड कुणीही लावू नका: ‘पात्यांवर पैसे उडवू नका’ या मेसेजला उत्तर

‘पात्यांवर पैसे उडवू नका’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. ब्रश कटर (लांब दांड्याच्या टोकाला पातं फिरवून गवत-झुडपं कापायचं यंत्र) असो की लॉन मोवर (हिरवळ कापायचं यंत्र), पातं कुठलं घ्यावं याचं ‘अनुभवी मेकॅनिकने दिलेलं’ मार्गदर्शन त्यात आहे म्हणे. हा मेकॅनिक कोण, याचा पत्ता नाही. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रश कटरला पात्याऐवजी साखळीचं हेड लावा, ते तुटत नाही, त्याला धार लावावी लागत नाही आणि ते दगडालाही दाद देत नाही. नायलॉनची दोरी संपली तर जुनी क्लच वायर लावा. पात्यामागच्या संरक्षक गार्डमध्ये गवत अडकतं, तो काढून ठेवा. पात्याला जितके दात जास्त तितकी कापणी जोरात, गवतालाही तसलंच लावा. लॉन मोवरचं पातं वस्तऱ्यासारखं धारदार हवं, त्याच्या मागच्या कडेचा वर वळलेला पंख उंच हवा, आणि बसत असेल तर एक माप मोठंच घ्यावं. यंत्र थरथरतं ते इंजिनामुळे, पात्याचा संबंध नाही. आणि शेवटी, मल्चिंगचं, म्हणजे गवत बारीक करून जागेवरच पाडणारं पातं घेऊ नका, त्याने हिरवळ कुजते.

हा मेसेज याआधीही माझ्यापर्यंत आला होता. असं काहीबाही रोजच फिरतं, म्हणून उत्तर द्यायची तसदी घेतली नव्हती. पण या वेळी तो माझ्या मावसभावाने वाचला, खरा मानला आणि सरळ साखळीचं हेड विकत घेऊन आला. तो यंत्र चालवतो तेव्हा त्याची मुलं तिथेच आसपास खेळत असतात. आमचं अवजारं दुरुस्तीचं काम आहे. वाकलेली, तडा गेलेली, चुकीची बसवलेली पाती सतत समोर येतात, आणि त्यांतली बरीचशी असल्याच कुठल्यातरी सल्ल्याची फळं असतात. आता गप्प बसणं बरोबर नाही.

सुरुवात साखळीपासूनच करते, कारण बाकीच्या चुकांनी यंत्र बिघडेल, या चुकीने माणूस मरेल.

भावाने आणलेलं हेड मी हातात घेऊन नीट पाहिलं. मधे लोखंडी चकती, तिच्या कडेला समोरासमोर बोल्टने अडकवलेले साखळीचे दोन तुकडे. साखळी साधी, ओझी उचलायला किंवा फाटक बांधायला वापरतात तसली. कड्या वाकवून तोंडं वेल्ड केलेली, आणि वेल्डचा फुगवटा घासून सपाट केलेला, म्हणजे जोड नेमका कुठे आहे तेही चटकन दिसू नये. बोल्टला लॉक नट नाही. चकतीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, आणि जास्तीत जास्त किती फेऱ्यांवर चालवायचं याचा आकडाही नाही. हा आकडा कुठल्याही बऱ्या पात्यावर कोरलेला असतो, कारण तो नसेल तर ते पातं आपल्या यंत्रावर चालेल की नाही हे ठरवायचं कसं?

आता हिशेब करू. ब्रश कटरचं हेड मिनिटाला ८,००० फेरे फिरतंय असं धरा. साखळ्या ताठ झाल्यावर हेडचा व्यास २५ सेंटीमीटर होत असेल, तर टोकाच्या कडीचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जातो. ताशी ३७५ किलोमीटरच्या आसपास. या वेगाने फिरणारी कडी तुटली की ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. गोफण चालवणारा निदान नेम धरून दगड सोडतो. इथे कडी केव्हा सुटणार आणि कुणाच्या दिशेने जाणार, हे यंत्र चालवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

‘तुटत नाही’ हे कशाच्या जोरावर म्हणतात? साखळी जाड दिसते, मोठं ओझं उचलते, म्हणून माणसाला ती भक्कम वाटते. पण ओझं उचलताना साखळीवर एकाच दिशेने, संथ ताण येतो. ब्रश कटरवर ती मिनिटाला हजारो वेळा काहीतरी ठोकत असते. दगडावर आदळली की मागे दुमडते, आणि पुढच्याच क्षणी फिरण्याच्या जोराने झटक्यात ताठ होते. हा झटका बसतो कड्यांच्या आतल्या वळणावर, जिथे एक कडी दुसरीत अडकलेली असते. घासून बारीक होते ती जागाही हीच, आणि नेमकी हीच जागा बाहेरून दिसत नाही. साखळी ताणून, वळवून, प्रत्येक कडी वेगळी करून पाहिल्याशिवाय झीज कळत नाही. कापणीच्या मधे थांबून हे कोण करणार आहे?

एकसंध पातंही तुटू शकतं, हे मी नाकारत नाही. तडा गेलेलं, वाकवून सरळ केलेलं किंवा वेल्डिंग केलेलं पातं लावलं तर तेही उडेल, आणि तेही कुणी लावू नये. पण एकसंध पात्याचा तडा दिसतो. तो मधल्या भोकापासून किंवा दाताच्या मुळापासून सुरू होतो. पातं फडक्याने पुसून उजेडात धरलं की सापडतो, आणि सापडला की पातं फेकून द्यायचं. साखळीत ही सोयच नाही. शिवाय साखळी दगडांना ज्या जोराने भिरकावते, तो जोर एकसंध पात्यापेक्षा जास्त असतो. कडी तुटली नाही तरी दगड उडतोच. ‘दगडालाही दाद देत नाही’ या बढाईचा प्रत्यक्षातला अर्थ एवढाच, की समोर आलेला दगड ती कुणाच्या तरी अंगावर फेकते.

हे माझं एकटीचं मत आहे असं समजू नका. ब्रिटनमध्ये २०१० साली ब्रश कटरला लावलेल्या अशाच साखळीच्या हेडमुळे एका माणसाचा जीव गेला. त्यानंतर हा प्रश्न युरोपीय संघाच्या आयोगापर्यंत गेला आणि १९ जानेवारी २०१२ रोजी आयोगाने २०१२/३२ या क्रमांकाचा निर्णय काढला. हातात धरून चालवायच्या ब्रश कटरसाठी धातूचे तुकडे एकमेकांत अडकवून बनवलेली हेडं बाजारात आणायला सगळ्या सदस्य देशांनी बंदी करावी, असा तो निर्णय. कारणं त्यात स्पष्ट दिली आहेत. एकसंध धातूच्या पात्यापेक्षा अशी हेडं तुटण्याचा आणि त्यांचे तुकडे उडण्याचा धोका बराच जास्त, कारण जमिनीवर आणि दगडांवर आदळून सांध्यांवर वारंवार मोठा ताण येतो. दगड उडण्याचा धोकाही जास्त. धार, किंमत, सोय यांचा तिथे विषयच नाही. वस्तूच मुळात या कामाला नालायक ठरवली आहे. मेसेजमधल्या बिननावाच्या मेकॅनिकच्या शब्दासमोर हा दाखला ठेवा आणि कुणाचं ऐकायचं ते ठरवा.

यावर मला दोन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं, ‘मग दुकानात मिळतं कसं?’ मिळतं, कारण विकणारा यंत्र चालवत नाही आणि त्याची मुलं तिथे खेळत नसतात. ब्रश कटर बनवणाऱ्या कंपन्यांनी यंत्रासोबत दिलेलं पुस्तक उघडून बघा. कुठली पाती चालतील याची यादी त्यात असते, साखळी त्या यादीत नसते, आणि धातूचे सुटे तुकडे जोडलेली हेडं लावू नका असा इशारा मात्र असतो. दुसरं उत्तर, ‘अमक्याने वर्षभर वापरलं, काही झालं नाही.’ कडी तुटेपर्यंत काहीच होत नाही, हे खरंच आहे. वर्षभर वापरलेली साखळी म्हणजे वर्षभर झिजलेली साखळी. तिच्यावर विश्वास वाढायला नको, कमी व्हायला हवा.

‘धार लावावी लागत नाही’ हेही तपासून घेऊ. धार लावावी लागत नाही, कारण साखळी कापतच नाही. ती बडवते. बडवलेल्या रोपाचं खोड चिंध्या होऊन फाटतं, आणि बडवायला कापण्यापेक्षा जास्त ताकद लागते. ती ताकद इंजिनातून, क्लचमधून आणि तुमच्या मनगटांतून जाते. धार लावायला दहा मिनिटं लागतात. ती वाचवायला हा सौदा करायचा?

मग लावायचं काय? समोर काय उगवलंय ते बघून ठरवायचं, आणि यंत्राच्या पुस्तकात ते पातं चालतं का हे बघून घ्यायचं. कोवळं गवत, भिंतीच्या कडा, कुंपणाची तार, दगडगोट्यांची जागा असेल तर नायलॉनची दोरी. ती दगडावर झिजते, तुटते, पण तिचा तुकडा लोखंडाच्या कडीसारखा शरीरात घुसत नाही. जाड, वाळलेलं, राठ गवत आणि झुडपांची गचपण असेल तर तीन दातांचं पातं. त्याच्या दोन्ही बाजूंना धार असेल तर एक बाजू बोथट झाल्यावर उलटून लावता येतं. खोड लाकडासारखं टणक झालं असेल तर गोल करवतीचं पातं. जागा मिश्र असेल तर काम मधे थांबवून पातं बदलायचं. सगळ्याला चालणारं एकच पातं नावाची वस्तू अस्तित्वात नाही, आणि तसं सांगून जे विकलं जातं ते बहुतेकदा हेच असतं.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला आहे त्यांना हात जोडून सांगते, साखळीचा मुद्दा चुकीचा आहे एवढं तरी त्याच माणसांना कळवा. भावाचं हेड मी परत दिलेलं नाही. कड्या तोडून भंगारात टाकल्या, म्हणजे दुसरं कुणी ते लावणार नाही.

क्लच वायरचं उत्तर वेगळं द्यायला नको, दुखणं तेच आहे. पीळ दिलेल्या लोखंडी तारेचं टोक चालता चालता उसवतं आणि बारीक तुकडे सुयांसारखे उडतात. नायलॉनच्या हेडला नायलॉनच लावायची, आणि ती यंत्राला चालणाऱ्या जाडीचीच.

गार्ड काढण्याचा सल्ला वाचून मात्र संताप येतो. गार्ड पायांकडे येणारे दगड अडवतो, हे तरी लोकांना माहीत असतं. त्याचं दुसरं काम फार जणांना माहीत नसतं. नायलॉनच्या दोरीसाठीच्या गार्डच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ती दोरी ठरलेल्या लांबीवर कापते. गार्ड काढला की दोरी लांब राहते, इंजिनावर ओझं वाढतं, फेरे कमी होतात, क्लच तापतो. मग माणूस म्हणतो यंत्रात दम नाही, आणि जास्त दमाचं काहीतरी शोधत साखळीपर्यंत येतो. धातूच्या पात्याचा गार्ड आणि दोरीचा गार्ड काही यंत्रांना वेगवेगळा असतो, तोही पुस्तकात बघून लावायचा. गार्डमध्ये गवत अडकतं हे खरं आहे. इंजिन बंद करून काठीने काढायचं, एवढाच त्यावर उपाय आहे. आणि गार्ड असला तरी तो यंत्र चालवणाऱ्यापुरता. आजूबाजूच्यांना त्याचा उपयोग नाही. ब्रश कटरपासून इतर माणसं आणि जनावरं १५ मीटर लांब हवीत असं कंपन्या सांगतात. मुलांसाठी मी तर म्हणेन, ती घरातच हवीत.

दातांच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करते. टणक खोड कापायचं असेल तर ८० दातांची करवत तीन दातांच्या पात्यापेक्षा साफ आणि कमी हिसक्यांत कापते. पण मेसेज म्हणतो गवतालाही तेच लावा. गवताला एवढे दात कशाला? दातांमधल्या फटी बारीक असतात, ओलं गवत त्यांत भरून बसतं आणि थोड्या वेळात पातं गुळगुळीत चकतीसारखं नुसतं घासत राहतं. उंच गवत दांड्याला गुंडाळतं ते वेगळंच. शिवाय या करवतींच्या दातांवर बहुधा कार्बाइड या फार टणक पदार्थाचे तुकडे डाखलेले असतात. दगडावर आपटले की ते तुकडे सुटून उडतात. दगडाळ जागेत, गवताखाली काय आहे ते दिसत नसताना हे पातं चालवणं धोक्याचंच.

कुठलंही धातूचं पातं असो, मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पातं वरून पाहिलं तर बहुतेक ब्रश कटरमध्ये ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. घड्याळाची तबकडी तुमच्यासमोर जमिनीवर ठेवली आहे असं समजा, १२ चा आकडा पुढच्या बाजूला. १२ ते ३ या पाव भागाने टणक खोडाला स्पर्श झाला की पातं कापायच्या ऐवजी झटका देतं आणि अख्खं यंत्र बाजूला फेकलं जातं. खोड त्या भागाला लागू द्यायचं नाही. यंत्राचा पट्टा खांद्यावर नीट अडकवलेला हवा, दोन्ही हात मुठींवर हवेत, आणि झटक्याच्या टप्प्यात दुसरं माणूस नको.

आता लॉन मोवरकडे. वस्तऱ्यासारखी धार, हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणून तो टिकून आहे. लॉन मोवर दोन जातींचे असतात आणि त्यांची कापायची रीतच वेगळी आहे. इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने १८३० साली पेटंट घेतलेलं पहिलं यंत्र रिळाचं होतं. कापडावरची लव कापणारं यंत्र पाहून त्याला ते सुचलं. त्यात फिरणारी पाती खालच्या स्थिर पट्टीला लागून जातात आणि गवत कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. आज घरोघरी जो मोटारीचा किंवा पेट्रोलचा मोवर दिसतो तो बहुतेकदा चक्राकार असतो. त्यात खाली दुसरं पातं नाही. एकच आडवं पातं इतक्या वेगाने फिरतं की गवताला वाकायला वेळच मिळत नाही. मिनिटाला ३,००० फेरे आणि २१ इंचांचं पातं धरलं तर टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटर होतो. इथे काम वेग करतो. धार लागते, पण लोणी लावायच्या सुरीइतकी पुरते. अंदाजे ३० अंशांचा उतार ठेवायचा. कोन त्याहून फार बारीक केला, तर पातळ कडा पहिल्याच खड्याला दुमडते किंवा तिला खाचा पडतात. घासताना कडा निळी पडली तर पोलाद तापून मऊ झालं असं समजायचं. तिथली धार टिकत नाही.

पण बोथट पातं चालवत राहा असं मी म्हणत नाही, हेही स्पष्ट करते. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. कापणीनंतर दोन दिवसांनी हिरवळीवर पांढुरकी-तपकिरी झाक दिसली तर खाली वाकून एक पान बघा. टोक सरळ कापलेलं दिसेल, नाहीतर तंतू बाहेर आलेले दिसतील. तंतू दिसले की पातं उतरवायचं. साधारण २० ते २५ तासांच्या कामानंतर धार बघावी, वाळूमातीच्या जागेत त्याआधी.

पंखाचं म्हणाल तर, पात्याच्या मागच्या कडेला जो वर वळलेला भाग असतो तो पंख. तो पंख्यासारखी हवा वर ओढतो. त्याने पडलेलं गवत उभं राहतं आणि कापलेलं गवत जोराने बाहेर किंवा पिशवीत जातं. पिशवी लावून गवत गोळा करायचं असेल तर उंच पंखाचं पातं उत्तमच, हे मान्य. पण हवा ओढायला ताकद लागते, आणि इंजिन लहान असेल तर ती कापणीतूनच कमी होते. जागा वाळूची असेल तर उंच पंख वाळूही ओढतो. ती वाळू पंखाच्या मुळाशी घासत राहते, तिथे आधी खोबण पडते, मग फट पडते, आणि दुर्लक्ष केलं तर पंखाचा तुकडा तुटून उडतो. वाळूच्या जागेत कमी पंखाचं पातं घ्यायचं, आणि पंखाच्या मुळाशी खोबण दिसली की धार कितीही चांगली असो, पातं बदलायचं.

एक माप मोठं पातं घ्या, हे ज्याने लिहिलं त्याने मोवर कधी उलटा करून पाहिला असेल असं वाटत नाही. पातं आणि डेकची, म्हणजे पात्यावरच्या कवचाची भिंत यांच्यात थोडंच अंतर असतं. लांब पातं डेकला घासतं, आणि घासलं नाही तरी टोकाचा वेग वाढतो. अमेरिकेतल्या लॉन मोवरच्या मानकात टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फूट अशी मर्यादा आहे. कंपनी ठरलेल्या फेऱ्यांवर ठरलेल्या लांबीचं पातं देते ते हाच हिशेब करून. लांबी मोजताना एका टोकाच्या धारेच्या कोपऱ्यापासून समोरच्या टोकाच्या धारेच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे तिरकी मोजायची. पट्टी सरळ धरली तर माप कमी भरतं आणि चुकीचं पातं घरी येतं. मधलं भोकही बघायचं. ते गोल असतं, चांदणीसारखं असतं किंवा दोन्ही बाजूंना पसरट असतं. ते यंत्राच्या आसाशी अचूक जुळलं पाहिजे. ब्रश कटरचंही तसंच, भोक बहुधा २५.४ किंवा २० मिलिमीटरचं असतं. मोठ्या भोकाचं पातं वॉशर घालून ‘बसवलेलं’ मी पाहिलं आहे. ते कधीच मधोमध बसत नाही.

आणि मधोमध न बसलेलं किंवा एका बाजूला जड असलेलं पातं काय करतं, हे कळायला थरथरीचा मुद्दा बघा. ‘थरथर इंजिनाची असते’ या वाक्याने जितके मोवर आमच्याकडे आलेत तितके दुसऱ्या कशाने आले नसतील. यंत्र काल बरं चालत होतं, आज धार लावून पातं बसवलं आणि थरथरायला लागलं, तर दोष कुणाचा? धार लावताना एका टोकाचं पोलाद जास्त घासलं गेलं, एवढंच झालेलं असतं. काही ग्रॅमचा फरक, पण तो मिनिटाला हजारो वेळा आसाला एका बाजूला ओढतो. आधी मुठीवर हात बधिर होतात. मग डेकचे बोल्ट सैल होतात, बेअरिंग आवाज करायला लागतं, आणि शेवटी आस वाकतो. तोवर पात्याच्या कितीतरी पट खर्च झालेला असतो.

तपासायला काही लागत नाही. भिंतीत एक खिळा आडवा ठोका आणि पात्याचं मधलं भोक त्यावर अडकवा. पातं आडवं ठेवून सोडून द्या. जे टोक खाली जाईल ते जड. त्या टोकाची मागची, बोथट बाजू कानशीने थोडी घासा, धारेची नको. पुन्हा अडकवा. पातं आडवं ठेवलं तर आडवंच राहिलं, की झालं. मग भिंतीवर एका टोकासमोर खडूने खूण करा आणि पातं अर्धं फिरवून दुसरं टोक त्याच खुणेसमोर येतं का बघा. नाही आलं तर पातं वाकलेलं आहे. वाकलेलं पातं हातोड्याने सरळ करायचं नाही, ते बदलायचं.

पातं उतरवण्याआधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करा, बॅटरीचा मोवर असेल तर बॅटरी बाहेर काढा. पेट्रोलचा मोवर आडवा करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं. परत बसवताना पंख डेककडे, म्हणजे वर. पातं उलटं बसलं तर बोथट कडा पुढे येते, आणि माणूस नवीन पात्याला दोष देत बसतो. बोल्ट पुस्तकात दिलेल्या ताकदीने आवळा.

राहिलं मल्चिंग. मल्चिंगचं पातं वळणदार असतं आणि त्याची धार लांब असते. बंद डेकमध्ये गवत वरखाली फिरून पुन्हा पुन्हा कापलं जातं आणि बारीक होऊन जमिनीवर पडतं. त्याने हिरवळ कुजत नाही. ताज्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, बारीक तुकडे लवकर विरतात आणि हिरवळीला लागणाऱ्या नत्राचा चौथ्या हिश्श्यापर्यंत भाग त्यातून परत मिळू शकतो. मुळांशी जो स्पंजासारखा तपकिरी थर जमतो तो मुख्यतः न कुजलेल्या मुळांचा आणि खोडांचा असतो, कापलेल्या गवताचा नाही. मात्र गवत ओलं किंवा फार वाढलेलं असेल तर मल्चिंगचं पातं तुंबतं, गवताचे गोळे पडतात आणि गोळ्यांखालची हिरवळ पिवळी पडते. कुणीतरी ते पाहून ‘कुजते’ असं लिहिलं असावं. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. त्याहून वाढलं असेल तर डेक उंच ठेवून एकदा कापा, कापलेलं गोळा करून घ्या, काही दिवस जाऊ द्या, आणि गवत कोरडं असताना डेक खाली घेऊन मग मल्चिंगचं पातं लावा.